दहाव्याचा वास

मामांचं वाटोळं मी एका शब्दाने केलं. शिवी नव्हती, आरोप नव्हता, मी रागावलोही नव्हतो. 'असेल' एवढंच म्हणालो. कुठे आणि कशाबद्दल, ते सांगणारच आहे, त्यासाठीच लिहायला बसलोय. पण मामा कसे होते हे आधी कळलं नाही, तर त्या शब्दाने काय केलं ते कुणाला कळणार नाही.

चाकणला एमआयडीसीत, गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या एका कारखान्याच्या पाठीला पाठ लावून आमची प्रयोगशाळा आहे. तिथे आम्ही उंदीर म्हातारे करतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण कामच ते. पांढरे उंदीर दोन-सव्वादोन वर्षं सांभाळायचे. तेवढं वय म्हणजे त्यांची सत्तरी. मग बघायचं, म्हाताऱ्या मेंदूत आठवण किती उरलीय आणि एखाद्या औषधाने ती टिकते का. चाचण्या घेणं माझ्याकडे. खाणं, पाणी, भुसा बदलणं, वजन करणं हे मामांकडे. प्रयोगशाळेतल्या वयस्क मदतनिसाला आपल्याकडे मामा म्हणतात, म्हणून ते मामा. पाठीमागे सगळे उंदीरमामा म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "मग काय खोटं हाय?" एवढंच म्हणायचे.

मूळचे तिथलेच, चाकणच्या बाजूच्या एका गावचे. जमीन एमआयडीसीत गेली आणि पुढची वीस वर्षं ते पत्रे दाबणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये उभे राहिले. तिथे कान गेले. त्यामुळे माणसांशी ओरडून बोलत. पण उंदरांच्या खोलीत शिरले की आवाज असा उतरायचा, की मलाच "काय म्हणालात?" असं विचारावं लागायचं. शिरण्याआधी दारावर दोन बोटांनी टकटक करायचे, खाकरायचे, मग दार ढकलायचे.

एकदा मी म्हणालो, "मामा, ते काय 'या, बसा' म्हणणार आहेत का?"

"न्हाई म्हनत. पन म्हाताऱ्या मानसाच्या खोलीत आपन असंच घुसतो का, सायब?"

आत जाण्याआधी आम्हा सगळ्यांनाच अंघोळ करावी लागे. वर पांढरा गाऊन, टोपी, मास्क. मामांना तेवढं पुरत नसे. उंदराला डोळ्याने कमी दिसतं, तो माणूस वासावर ओळखतो, हे त्यांना कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि ते त्यांनी देववाणीसारखं धरून ठेवलं. साबण एकच, बदलायचा नाही. डोक्याला तेल नाही. तंबाखू सोडली. लग्नाला गेले की मांडवाच्या मागच्या बाजूने शिरून जेवून यायचे, कारण पुढच्या दाराशी अत्तर लावणारा उभा असतो. माझ्यावर तर पाळतच होती. "सायब, आज शाम्पू येगळा हाय." आणि मी, एवढा शिकलेला माणूस, निमूटपणे परत जाऊन डोकं धुवायचो.

पिंजऱ्यातला भुसा बदलताना जुन्यातला मूठभर ते नव्यात टाकायचे. त्याचं कारण पुस्तकातही आहे, स्वतःचा वास राहिला की जनावर बिथरत नाही. मामांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. गावातलं जुनं घर पाडून नव्यात गेले तेव्हा त्यांच्या आईने जुन्या चुलीची राख पदरात बांधून नेली होती, एवढंच त्यांना माहीत होतं.

आमच्या भागात खंडेनवमीला प्रत्येक कंपनीत यंत्रांची पूजा होते. एका वर्षी ऑफिसातली सगळी मंडळी झेंडूच्या माळा, नारळ, उदबत्त्या घेऊन उंदरांच्या खोलीकडे निघाली. पिंजऱ्यांनाही हळद-कुंकू वाहू म्हणाली. मामा दारात आडवे उभे.

"फुलं न्हाई, धूर न्हाई. आन् नारळ तर बिलकुल फोडायचा न्हाई."

"अहो मामा, सणाचा दिवस आहे! तुम्ही एवढे देवभोळे, आणि तुम्हीच अडवता?"

"देवाला वास चालतो. ह्यांना न्हाई चालत. पूजा करायची तर फाटकावर करा, मी येतो पाया पडायला."

खरोखर फाटकावर पूजा झाली. मामा पाया पडले, त्यांनी प्रसाद कागदात बांधून ठेवला, हात धुतले, पुन्हा अंघोळ केली आणि मग आत गेले.

पलीकडच्या कारखान्याचा प्रेस धडधडला की आमचे उंदीर जागच्या जागी थिजत. मी त्याबद्दल तीन पत्रं लिहिली होती, कुणी उत्तर दिलं नव्हतं. मामा एक दिवस सरळ तिथल्या फोरमनकडे गेले. मला वाटलं हे भांडणार, म्हणून मी धावत मागे.

"भाऊ, अकरा ते एक जरा सावकाश घ्या की. आमची म्हातारी मंडळी दचकत्यात."

"कुठली म्हातारी? वृद्धाश्रम काढलाय का मागं?"

"व्हय. साठ जन हायेत."

फोरमन भला माणूस. त्याने मोठा जॉब दुपारनंतर लावला. दोन महिन्यांनी त्याला खरं कळलं, तेव्हा तो आमच्या फाटकावर येऊन हसत ओरडला, "काय राव मामा, उंदरांसाठी माझं प्रॉडक्शन थांबवलं!" मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "मी वय खोटं सांगितलं का?" ते म्हणाले.

आता ती टाकी.

कमरेएवढ्या उंचीची गोल टाकी. तिच्यातलं पाणी पांढरं, गढूळ केलेलं. पाण्याखाली बोटभर खोल एक छोटा चौथरा, वरून दिसत नाही. उंदराला पाण्यात सोडायचं. त्याने पोहत चौथरा शोधायचा आणि त्यावर चढून बसायचं. खोलीच्या भिंतींवर त्रिकोण, गोल, पट्टे अशा खुणा चिकटवलेल्या असतात. कुठल्या खुणेच्या बाजूला चौथरा आहे हे उंदीर दोन-चार दिवसांत लक्षात ठेवतो. तरुण लवकर शिकतो. म्हातारा विसरतो, गोल-गोल फिरत राहतो. मिनिटभरात सापडलं नाही तर आपण हाताने काढायचं. तो किती विसरला, हेच आमचं माप.

मामा आधी पाण्यात कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. थर्मामीटर शेजारीच लटकत असायचा. मग टॉवेल घेऊन उभे राहायचे. उंदीर बाहेर आला की पुसायचा, दिव्याखाली उबेला ठेवायचा.

उभं कुठे राहायचं, ते मी ठरवलं. पहिल्या दिवशी त्यांची सावली टाकीवरच्या कॅमेऱ्यात यायला लागली, म्हणून मी जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली आणि म्हणालो, "मामा, इथं. हलायचं नाही." प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं पिवळ्या पट्टीच्या आत उभा राहिलेला माणूस तो. दुसरा कुणी असता तर इकडेतिकडे सरकला असता, भिंतीला टेकला असता. मामा चाचणीच्या प्रत्येक दिवशी, प्रत्येक उंदराला, दोन्ही पाय त्या पट्टीवर ठेवून, पांढऱ्या गाऊनमध्ये ताठ उभे राहिले. आणि चौथरा टाकीच्या त्याच बाजूला होता.

नियमाप्रमाणे टाकीभोवती पडदा हवा होता, माणूस उंदराला दिसू नये म्हणून. तो नियम मीच लिहिला होता. पडद्याची दांडी आली नव्हती. मी म्हटलं, काय बिघडतं, मी तर आडोशाच्या मागे संगणकावर बसतो. मामा माझ्या हिशेबात माणूस म्हणून धरलेच नव्हते.

निकाल फार चांगले येऊ लागले. आमचे म्हातारे उंदीर तरुणांसारखे पोहत. गडबड एवढीच, की औषध दिलेले आणि न दिलेले दोन्ही सारखेच हुशार. मग औषधाचा उपयोग दाखवायचा कसा? आमच्या प्रमुख मॅडम मला रोज विचारायच्या, "तुमच्या चाचणीत काहीतरी चुकतंय. शोधा." औषध ज्या कंपनीचं, तिचे लोक तपासणीला यायचे होते. ह्या नोकरीआधीची माझी नोकरी एका दिवसात गेली होती आणि मी आठ महिने घरी बसलो होतो. ती वेळ परत येते की काय, या भीतीने मला जेवण जात नव्हतं. पायऱ्या चढताना मी पायऱ्या मोजायचो, विषम आल्या तर परत खाली उतरायचो.

तेवढ्यात मामांची बहीण गेली. मामांनी कधी रजा घेतली नव्हती, ती दहाव्याला घेतली. विधी आळंदीला, इंद्रायणीच्या घाटावर. त्या दिवशी टॉवेल घेऊन मीच उभा राहिलो, संगणकाजवळ. आणि सगळे म्हातारे उंदीर हरवले. एकामागून एक गोल फिरत राहिले. मला वाटलं, पाण्याचं काही झालं असेल.

दुसऱ्या दिवशी मामा आले. डोकं भादरलेलं, टोपीत लपलेलं. पट्टीवर उभे राहिले. पहिला म्हातारा उंदीर सरळ रेषेत चौथऱ्यावर. दुसराही. मी पट्टीकडे बघितलं. मी म्हणालो, "मामा, जरा तिकडं समोरच्या भिंतीशी उभे राहा."

त्यांनी विचारलंसुद्धा नाही का. जाऊन उभे राहिले. मी पुढचा उंदीर सोडला. एकशेबारा नंबरची म्हातारी मादी होती ती, एका डोळ्यात फूल पडलेली. ती चौथऱ्याकडे पाठ करून सरळ समोरच्या भिंतीकडे पोहत गेली आणि मामा उभे होते तिथे टाकीच्या काठाला पुढचे पाय लावून राहिली. आणखी तीन सोडले. चारही तसेच.

त्यांना त्रिकोण दिसत नव्हता, पट्टे दिसत नव्हते. त्या मंद डोळ्यांना खोलीत एकच मोठी, पांढरी, न हलणारी खूण दिसत होती. ते काही आठवून जात नव्हते. मामांकडे जात होते.

चौथरा कुठे असतो, उंदीर खुणा बघतात, यातलं मामांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना वाटायचं, उंदीर वासावर जागा शोधतो. त्यामुळे त्यांना दिसलं ते एवढंच, की आपण दहाव्याला गेलो तेव्हापासून उंदीर चुकायला लागले. ते माझ्याजवळ आले. मास्कवरचे डोळे घाबरलेले.

"सायब, काल म्हनं समदी चुकली. आज बी चार चुकली. मी दहाव्यावरनं आलोय. अंगाला वास ऱ्हायला असंल का? घाटावरचा?"

मला माहीत होतं की वास नाही. त्यांनी तीनदा अंघोळ केली होती. आणि खरं कारण तर मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण खरं सांगायचं तर आधी पडदा नव्हता हे सांगावं लागलं असतं, पट्टी मी चिकटवली हे सांगावं लागलं असतं, आणि दार उघडं होतं, बाहेर मॅडमचा आवाज येत होता.

मी म्हणालो, "असेल."

पुढचं सोपं होतं. खोटं एकदा चालायला लागलं की त्याला ढकलावं लागत नाही. झालेल्या चुकीबद्दलचा अहवाल मी इंग्रजीत लिहिला. सूचना देऊनही मदतनीस टाकीच्या जवळ, उंदरांना दिसेल असा उभा राहत होता, असा. सही घ्यायला मामांकडे नेला.

"काय लिवलंय?"

"तेच, मामा. फॉर्मॅलिटी."

"वासाचं लिवलंय का?"

मी मान हलवली. त्यांनी सही केली आणि कागदाला हात लावून कपाळाला लावला, माफी मागितल्यासारखा. ज्या कंत्राटदारामार्फत ते आमच्याकडे होते, त्याने त्यांना दुसऱ्या कंपनीच्या बागेत लावलं. महिनाभराने त्यांनी तेही सोडलं. आम्ही पडदा लावला, चाचण्या पहिल्यापासून घेतल्या. नोकरी राहिली. पट्टी मीच खरवडून काढली.

चार वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. एमआयडीसीच्या चौकात, मामा बाहेर घालत तशी लाल टोपी घातलेला म्हातारा दिसला की मी गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचो. ते मला शिव्या देत असतील, असं समजून चाललो होतो, आणि त्यात मला थोडं बरंही वाटायचं.

मग एक दिवस आमच्या भुशाची गाडी आणणारा ड्रायव्हर, मामांच्याच गावचा, बोलता बोलता म्हणाला, "काय राव साहेब, तुमच्या त्या उंदीरमामाचं डोकं फिरलंय. मयताला जात नाही कुणाच्या. सख्खा धाकटा भाऊ गेला, तर ना मातीला गेला ना दहाव्याला. म्हणे माझ्या अंगाला मयताचा वास लागतो, जात नाही, मग मी हात लावीन ते बिघडतं. भावजयीनं बोलणं टाकलंय. सगळी भावकी थुंकती त्याच्या नावानं."

मी हातातलं भुशाचं चलन दोनदा वाचलं. मला त्यातलं एक अक्षर दिसलं नाही.

त्याच दिवशी मॅडमना खरं लिहून दिलं. त्या म्हणाल्या, तो अभ्यास केव्हाच बंद झाला, आता त्याचं काय? तिकडे मला शिक्षासुद्धा मिळाली नाही.

मामा आता रहाटणीत मुलीकडे राहतात. रविवारी सकाळी गेलो. दार मामींनी उघडलं. मामा खिडकीशी बसले होते. कान आणखी गेलेले. मला बघून उठायला लागले.

"सायब! या, या. कशी हायेत मंडळी?"

मी गाडीवर पूर्ण रस्ता वाक्यं जुळवत आलो होतो. हळू आवाजात, खाली मान घालून सांगायचं ठरवलं होतं. पण त्यांना हळू ऐकूच येत नव्हतं.

"मामा, वास नव्हता!"

"काय?"

"वास! दहाव्याचा! नव्हता! मी खोटं बोललो!"

शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. मी थांबलो नाही. पडदा, पट्टी, अहवाल, सगळं ओरडून सांगितलं. त्यांना कमी ऐकू आलं की तेच पुन्हा, आणखी मोठ्याने. माझा गळा बसला. मामा कानामागे हात धरून, माझ्या ओठांकडे बघत ऐकत होते.

"मंजी," ते शेवटी म्हणाले, "मला बघून येत व्हते?"

"हो."

"एकशेबारा बी?"

"ती सगळ्यात आधी."

त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मला सहन होईना. मी मार खायला आलो होतो. ते मामींकडे वळले. "अगं, ऐकलंस का? मला बघून पव्हत यायची! एका डोळ्याची म्हातारी ती!"

मामी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप मला दिला नाही, तसाच ओट्यावर ठेवला.

"मग भाऊजींच्या मातीला जायला काय हरकत न्हवती," त्या म्हणाल्या.

खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. मामांचं हसू लगेच गेलं नाही, तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. ते बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत बसले. मी "मामा, मला माफ..." असं काहीतरी म्हणालो. हळू म्हणालो असेन, त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलंही असेल.

मग ते उठले. खुंटीवरचा सदरा घातला, टोपी घातली.

"गाडी आनलीय ना?"

"आणलीय. कुठं जायचंय?"

"पिंपळे गुरवला. धाकल्याच्या घरी. आता मला सांगितलं तेच तिच्या म्होरं सांगायचं. पयल्यापासनं. मी सांगून कुनाला पटनार?"

मी मामींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जावा."

मामा माझ्या मागे बसले. सिग्नलला मी आरशात बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटत होतं पेट्रोल संपावं, टायर बसावं, पाऊस यावा. काही झालं नाही. वीस मिनिटांत पोचलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. ते कठड्याला धरून एकेक पायरी चढले, मी मागे.

दार पांढऱ्या साडीतल्या बाईंनी उघडलं. दिराला बघून त्यांनी दार पुन्हा लोटायला घेतलं. मामांनी ते धरलं नाही. बाजूला सरकले आणि मला पुढे केलं.

"माझ्याशी बोलू नगंस," ते ओरडून म्हणाले, "पन ह्या सायबांचं ऐक."